पाचव्या खांबावरचं गोणपाट

त्याला सगळे उजेडराव म्हणत. सौरदिव्यांचे चाळीस खांब एकट्याच्या जिवावर. पॅनेल पुसा, बॅटरी बघा, वर लोकांची बोलणीही खा. दिवा लागतो की नाही, हे भर उन्हात तपासायची त्याची स्वतःची युक्ती होती. बांबूच्या टोकाला गोणपाट अडकवायचं आणि खालूनच पॅनेलवर टाकायचं. ऊन अडलं की दिव्याला वाटतं, झाली संध्याकाळ, आणि बिचारा पेटतो. मग गोणपाट ओढायचं, पुढचा खांब.

त्याच्या बायकोला अंधार पडला की काही दिसत नसे. दिसत ते फक्त दिव्यांचे ठिपके. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा यानंच तिला शिकवलं, "अगं, शिवणकामाच्या कारखान्यातून निघालीस की कालव्याच्या कडेनं पेटलेले दिवे मोजत ये. सात झाले की डावीकडे वळ, तिथं पूल आहे." केवढा खूश होता स्वतःवर! आठव्या खांबापाशी कालव्याचा कठडा ढासळलेला होता, साहेब नुसतं होईल, होईल म्हणत होते. पण तिथवर ती जाईलच कशाला? चार वर्षं मोजत आली, एकदाही चुकली नाही.

त्या दिवशी सकाळी पाचव्या खांबावर गोणपाट टाकलं, दिवा लागला, आणि नेमके साहेब टपकले. त्यांना बंद दिव्यांची यादी आत्ताच्या आत्ता हवी होती. झालं! बांबू खांद्यावर टाकून हा त्यांच्या मागे.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं बांबू कोपऱ्यात ठेवला. रोजच्यासारखं गोणपाट खिळ्याला अडकवायला हात वर नेला, तर हात रिकामा. गोणपाट पाचव्या खांबावरच राहिलं होतं. पॅनेल दिवसभर झाकलेलं आणि दिवा उन्हात जळत राहिलेला. आता बॅटरीत काय डोंबल उरणार! बाहेर अंधारून आलं होतं. तिची सुटी होऊन दहा मिनिटं झाली होती.

तो अनवाणीच पळत सुटला. पुलावरून पाहिलं तर दिव्यांच्या रांगेत पाचवा गायब. म्हणजे तिचा सातवा आज आठवा होणार. सातव्याखाली कुणी नव्हतं. कालव्याला पाणी सोडलेलं, त्या आवाजात त्याची हाक कुठल्या कुठे गेली. ती आठव्याखाली पोचली होती. तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि डावीकडे वळली. घरच्या उंबऱ्याकडे वळावं तशी, निर्धास्त.

त्यानं दंड धरला तेव्हा तिचा एक पाय अधांतरी होता. चप्पल खाली गेली. त्यानं तिला मागे ओढून खांबाला टेकवलं.

"अहो, सात मोजले होते मी," ती रडवेली होऊन म्हणाली. "नक्की सात."

त्यानं तोंड उघडलं. सहाव्या दिव्याच्या उजेडात पाचव्या खांबावरचं गोणपाट इथूनही दिसत होतं. तिला मात्र दिसत नव्हतं.

"माझंच चुकलं असणार," तिनं त्याचा हात घट्ट धरला. "तुमचे दिवे कसे चुकतील?"

"हं," तो म्हणाला.