साड्यांच्या घडीत झावळ्या

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. रेवदंड्याहून ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा मी बॅगेत, साड्यांच्या घड्यांमध्ये, माडाच्या झावळ्या कापून दडवल्या होत्या. हसा. मीही हसते. तिशी ओलांडलेली पदवीधर बाई, दोन मुलींची आई, आणि अक्कल ही एवढी.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. मांडवाच्या सणाला अंगणात मांडव घालायचा, वर झावळ्या टाकायच्या, आत बसून जेवायचं. माझे बाबा सिनेगॉगचे मुकादम, म्हणजे सगळ्या कामांवर देखरेख त्यांची. निघताना ओटीवर उभे राहून म्हणाले, "हन्ना, तिथे आपली चार माणसं असतील. त्यांना धरून राहा." मी ऐकलं ते असं, की जाऊन त्यांची मुकादम हो!

बाबा आम्हाला नहेम्याची गोष्ट सांगत. बंदिवासातून आपले लोक परतले तरी यरुशलेमचा कोट पडलेलाच होता. तो बांधायला नहेम्या राजाच्या पदरची नोकरी सोडून निघाला, आणि लाकडासाठी राजाची चिठ्ठी घेऊन गेला. माझ्याकडे राजा नव्हता, म्हणून मी झावळ्या घेतल्या. मेलबर्नच्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या साहेबाने, बाहेरचा पाला देशात चालत नाही म्हणून, त्या एकेक करून पिंपात टाकल्या आणि वर मलाच "नो वरीज" म्हणाला.

मेलबर्नजवळच्या वेरिबीत, आमचं धरून, आपल्या लोकांची चार घरं निघाली. मांडव आमच्या बॅकयार्डात घालायचं ठरलं आणि मी कागद-पेन घेऊन बसले. कोणी काय आणायचं, किती लांबीचं, कोणत्या रंगाचं. त्यातल्या एका घरच्या सॉलोमनने त्याच्या फॅक्टरीतून जुने पाइप आणले. मी म्हटलं, लाकूडच हवं. त्याची आई रिबेकामावशी, सत्तरीची बाई, गाडीच्या टपावर गम ट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या, फांद्या बांधून घेऊन आली. मी नाक मुरडलं. "मावशी, हा वास मांडवाला चालत नाही. आमच्याकडे झावळ्याच लागतात."

आमच्याकडे! ती कुठली परकी? अलिबागची, आमच्या रेवदंड्याच्या शेजारची. तिने फांद्या परत टपावर चढवल्या.

रविवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, सगळ्यांनी बांधायला यायचं होतं. कोणी आलं नाही. बॅकयार्डात मी, चार खुंट आणि खाडीवरून येणारा गार वारा. तिकडे हा सण पाऊस सरल्यावर यायचा, इथे स्प्रिंगमध्ये, स्वेटर घालून. धाकटीने विचारलं, "ममी, आर दे नेव्हर कमिंग अगेन?" एवढ्या मोठ्या देशात चार घरं, त्यातली तीन मी एका आठवड्यात घालवली होती.

"माझं काय चुकलं?" मी नवऱ्याला विचारलं. ते चहा ढवळत म्हणाले, "नहेम्याने कोणाला दगडाचा रंग सांगितला होता का?"

मग आठवला तो भाग, जो ऐकताना आम्ही मुलं जांभया द्यायचो. कोट कोणी कोणी बांधला त्यांची नुसती नावंच नावं. सोनार होते, अत्तरवाले होते, एक जण तर मुलींना घेऊन आला होता. कितीएक जणांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा उचलला आणि जमेल तसा बांधला. एका गावच्या सरदारांनी मात्र कामाला मान वाकवली नाही. मी स्वतःला नहेम्या समजत होते, निघाले त्या सरदारांच्या घरची.

मांडव झाला, दोन दिवसांनी. पाइपांचा, वर गमच्या फांद्या, एका अंगाला कललेला. आता माझ्या नाती जवळच्या पॉइंट कुकला त्यांच्या पद्धतीने घालतात. मला विचारतात, "आजी, वेअर यू रिअली दॅट बॉसी?" मी म्हणते, त्याहून जास्त.

तुम्ही रेवदंड्याला राहिलेले फोनवर विचारता, घरची आठवण येते का? येते. ओटी आठवते, बाबा आठवतात. पण खरं सांगू? घर म्हटलं की आता मला वेरिबीतलं एक दार दिसतं. त्याच रविवारी संध्याकाळी मी चालत रिबेकामावशीकडे गेले होते. वाटेत माफीची वाक्यं घोकली होती. दार उघडलं आणि सगळी विसरले. मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली,

"रुसायला माणसं पुष्कळ लागतात गं, हन्ना. आपण इथे तेवढे नाही. चप्पल काढ, आत ये."