आधी दोर, मंग देखावा

देखाव्याच्या जागी गाडी लागली की तो आधी तोंड फिरवायचा. दरीकडे पाठ, गाडीकडे तोंड. मग मागच्या सीटखालून निळा नायलॉनचा दोर ओढून काढायचा, एक टोक बंपरखालच्या कडीला बांधायचा, चाकांना दगड लावायचा आणि दुसरं टोक आमच्याकडे न बघताच मागं धरून म्हणायचा, "आधी दोर, मंग देखावा."

आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. पन्नाशी-साठीच्या दहा-बारा बायका, एका हातात दोर, दुसऱ्या हातात पर्स, आणि समोर सूर्य मावळतोय. आजूबाजूची पोरं हसायची. एकदा एकानं विचारलंच, "मावशी, रस्सीखेच कधी चालू होणार?" आमची कुसुम म्हणाली, "तू ये नं पलीकडून, तुझीच वाट पाहून राहिलो." पोरगा मागच्या मागं सटकला.

तो आमचा ट्रॅव्हलरवाला. गाडी स्वतःची, राहायला नागपूरबाहेर कन्हानला. शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीचं भजनी मंडळ वर्षातून एकदा बाहेर पडायचं, आणि नऊ-दहा वर्षं दुसरा माणूस आम्ही पाहिलाच नाही. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडलं नसतं. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तो आम्हा सगळ्यांना ताई. घाटात गाडी इतकी हळू घ्यायचा की मागचे ट्रकवाले शिव्या देत पुढं जायचे. तो खिडकीतून हात काढून त्यांना आदरानं वाट द्यायचा. "जा बाबा, तुले घाई हाय. माह्या गाडीत माणसं हाय."

माझं खरं सांगते, मला तो दोर आवडायचा. मी जत्रेतल्या पाळण्यातही डोळे मिटून बसणारी बाई. कड्याजवळ गेलं की मी खालीच बसते. बाकीच्या कुरकुरायच्या, दोरानं हाताला आग होते म्हणायच्या. मी आपली मुकाट्यानं धरून उभी असायची आणि समोरचं सगळं पोटभर पाहायची. त्या दोरामुळेच मी एवढे डोंगर पाहिले, नाहीतर गाडीतच बसून राहिले असते.

एक गोष्ट मात्र कोणाला कळायची नाही. तो फोटो काढून द्यायचा नाही. कोणी मोबाईल पुढं केला की हात मागं घ्यायचा.

"मले येत नाही, ताई."

"अहो भाऊ, नुसतं बटण दाबायचं."

"बटण येते. फोटो येत नाही."

आम्ही हसायचो. शिकलेला नाही बिचारा, असं म्हणून सोडून द्यायचो. माणसाबद्दल आपण किती सहज ठरवून टाकतो, नाही का?

प्रवासात आमचा एक खेळ असायचा. प्रत्येकीनं सांगायचं, एकदाच जायला मिळालं तर कुठल्या देशात जाणार. कुणी न्यूझीलंड म्हणायची, कुणी नॉर्वे, तिथं म्हणे रात्री आभाळ हिरवं होतं. मी दरवेळी स्वित्झर्लंड. मोबाईलवर पाहून पाहून तिथल्या गाईसुद्धा मला ओळखीच्या झाल्या होत्या. हे सगळं तो पुढं बसून ऐकायचा आणि प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारायचा.

"कठडा हाय का तिथं?"

"कुसुम मालदीवला चालली, भाऊ. तिथं नुसता समुद्र."

"मंग पाण्यात पडन त्या."

"पाणी गुडघाभरच असते म्हणतात किनाऱ्याले."

तो विचार करायचा. एक वळण जाऊ द्यायचा. मग म्हणायचा, "गुडघाभर चालते."

असे त्यानं सगळ्या जगाचे देश तपासले. नॉर्वेचे उंच कडे कुसुमनं मोबाईलवर दाखवले, सपाट शिळेच्या टोकावर पाय सोडून बसलेली माणसं. त्यानं गाडी कडेला घेतली, एक नजर टाकली आणि मोबाईल उलटा करून तिच्या हातात दिला. पाणी प्याला. म्हणाला, "तो देश कॅन्सल."

तीन वर्षांपूर्वी आम्ही चिखलदऱ्याला गेलो. पावसाळा सरत आला होता, पण वर ढग उतरलेलेच होते. एका कड्याशी गाडी थांबवली. जागा ओळखीची नव्हती, गर्दीही नव्हती. पुढं थोडी मोकळी जमीन, बारीक मुरूम, आणि त्यापुढं नुसतं पांढरं. दरी आहे हे फक्त वाऱ्यावरून कळायचं, खालून थंड वारा येत होता. त्यानं नेहमीसारखी पाठ केली, दोर बांधला, गाठीवर हात ठेवून उभा राहिला. बाकीच्या बायका चहाच्या टपरीकडे वळल्या. आम्ही दोघी पुढं, मी आणि कुसुम.

कुसुमची मुलगी कॅनडात. तिनं आईला पांढरे कॅनव्हासचे बूट पाठवले होते, आणि आदल्या वर्षीचा फोटो पाहून हसली होती, "आई, तुला बांधून ठेवलंय का?" ते कुसुमला लागलं होतं. तिनं दोर खाली सोडला.

"तू काढ वं फोटो. दोर नको येऊ देऊ. आणि बूट आले पाहिजे."

मी मोबाईल धरला. तेवढ्यात ढग फाटला. तिच्या मागं खोल हिरवं काहीतरी दिसलं, इतकं सुंदर की मला माझी भीती आठवली नाही. पण बूट येत नव्हते. घोट्यापर्यंतच येत होती ती.

मी म्हणाले, "जरा मागं हो."

ती एक पाऊल सरकली. अजून नाही.

"अजून थोडी मागं."

माझ्या पाठीमागून आवाज आला. माणसाचा आवाज वाटलाच नाही. गाडीखाली कुत्रं सापडावं तसा. "नाही. नाही. नाही." मी वळून पाहते तर तो जमिनीवर. पोटावर. डोळे गच्च मिटलेले, आणि मुरुमावरून कोपरांनी सरपटत माझ्या पायांजवळून पुढं चाललेला.

"कुठं हाय त्या? ताई, बोला. कुठं हाय?"

मग मी कुसुमकडे पाहिलं. मोबाईलमधून नाही, डोळ्यांनी. तिची टाच मुरुमावर नव्हती. टाचेखाली काही नव्हतं. तिलाही ते कळलं होतं. ती हसता हसता थांबली होती, दात तसेच दिसत होते, आणि डोळे माझ्यावर लावलेले.

तो खालून पुन्हा म्हणाला, "ताई, बोला. मले दिसत नाही." डोळे उघडले असते तर दिसलं असतं. पण उघडले असते तर तो तिथंच गोठला असता, हे मला तेव्हा कळलं नाही.

"पुढं," मी म्हणाले. "हातभर पुढं. उजवीकडे. अजून वीतभर."

त्याचा हात चाचपडत गेला, बुटाला लागला, मग घोट्याला. त्यानं दोन्ही हातांनी तो घोटा असा धरला की कुसुमच्या पायावर पुढं आठवडाभर बोटं उमटलेली होती.

"बसा, ताई. खाली बसा. उभं नका राहू. बसा."

ती बसली. बसतानाच मुरूम सुटला आणि खाली गेला. मी ऐकत राहिले. कुठं पोचल्याचा आवाज काही आला नाही.

तो डोळे न उघडताच मागं सरकत गेला आणि ती बसल्या बसल्या त्याच्यामागं ओढली गेली. गाडीच्या चाकाला पाठ लागली तेव्हा त्यानं तिचा पाय सोडला. मग तो उठला, पलीकडे गेला आणि ओकला.

कोणी कोणाला ओरडलं नाही. कुसुमनं दोराचं टोक उचलून मनगटाला गुंडाळलं आणि परतवाडा येईपर्यंत सोडलं नाही. गाडीत बसून धरायला दोर कशाला, असं कुणीही म्हटलं नाही.

परतवाड्याला बाकीच्या चहाला उतरल्या. तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. मी त्याचा कप घेऊन गेले.

"माझीच चूक झाली, भाऊ," मी म्हणाले.

"तुमची चूक नाही, ताई. ते शब्दच खराब हाय." त्यानं चहा घेतला, पण प्याला नाही. "मी नवा होतो तवा. एक कुटुंब नेलं होतं पचमढीच्या बाजूले. काका, त्यायची बायको, दोन लेकरं. मले कॅमेरा देला. चौघंही काचेत मावत नव्हते. मी म्हणलं, काका, जरा मांगं."

समोरच्या टपरीवर तेलात भजी पडत होती, तो आवाज आम्ही दोघं ऐकत होतो.

मग म्हणाला, "पुलिसवाले म्हणे, तुही काही गलती नाही, त्यायचा पाय घसरला. सगळेच म्हणे. त्या बाईनं तसं नाही म्हणलं. त्या काही म्हणल्याच नाही. मी कॅमेरा वापस देला त त्यायनं घेतला नाही."

"आणि तरी तुम्ही हाच धंदा केला, भाऊ. काहून?"

"लोक त जातेच, ताई. मी नाही नेलं त दुसरा नेईन. त्याच्यापाशी दोर असते का?"

त्या दिवसापासून माझ्या हातून फोटो निघत नाही. घरातसुद्धा, नातवाचा वाढदिवस असला, मागं भिंत असली, तरी मी मोबाईल दुसऱ्याला देते. लोक म्हणतात, आजीला येत नाही. मी म्हणते, बटण येतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलानं आणि सुनेनं मला खरंच स्वित्झर्लंडला नेलं. जायच्या आधी मी त्याला फोन केला. त्याची तब्येत तेव्हा बरी नव्हती, गाडी भाच्याला चालवायला दिली होती.

"कठडा हाय का तिथं?"

"असेल, भाऊ."

"असन नाही चालत. हलवून पाहाजा. मंग मले सांगजा."

मी हलवून पाहिला. वर बर्फाच्या डोंगरावर, जिथं आगगाडी नेऊन सोडते, तिथं. लोखंडी कठडा, छातीपर्यंत. लोक डोंगराचे फोटो काढत होते, मी दोन्ही हातांनी कठडा गदगदा हलवत होते. सुनेला वाटलं मला चक्कर येतेय.

पण खाली एका उतारावर गेलो, सगळं गवत आणि पिवळी फुलं, आणि गवत संपतं तिथं खाली तळं. तिथं काही नव्हतं. एक तारही नाही. कुठल्या देशाचं होतं कोण जाणे, एक तरुण जोडपं आलं आणि त्या मुलीनं हसून माझ्या हातात मोबाईल दिला. मला नाही म्हणता आलं नाही. काचेत दोघं मावेनात. ते त्या मुलाच्या लक्षात आलं, आणि तो आपणहूनच मागं सरकायला लागला.

मी मराठीत ओरडले, "थांब."

तो थांबला. शब्द कळला नसेल, आवाज कळला असेल. मग मी वळून माझ्या मागं पाहिलं. गवतच होतं, लांबपर्यंत. मी मागं सरकले. एक, दोन, तीन, चार पावलं. दोघंही आले काचेत, बुटांसकट.

इतकं सोपं होतं ते. हे त्याला सांगायचं होतं, आणि सांगू की नको हेही ठरत नव्हतं.

नागपूरला उतरल्यावर दोन दिवसांनी कुसुमला घेऊन कन्हानला गेले. दारात त्याच्या चपला नव्हत्या. त्याची बायको बाहेर आली आणि तिच्या कपाळाकडे पाहूनच आम्हाला कळलं. बारा दिवस झाले होते. ओट्यावर बसल्या बसल्याच गेला म्हणे, चहा घेत. तो ओटा दोन फूटसुद्धा उंच नाही.

आम्ही आत बसलो. कुसुम पदर तोंडाला लावून रडत होती, आणि तिच्या पायांत तेच बूट होते, काढायचं राहूनच गेलं होतं. थोड्या वेळानं त्याची बायको मला म्हणाली, "तुमीच त्या बाहेरदेशात गेल्या होत्या नं? त्यायनं दोन खेपा विचारलं, ताई आल्या का म्हणून. काय तं तिथं कठडा हाय का नाही, ते सांगणार होत्या तुमी."

"होता," मी म्हणाले. "लोखंडी. छातीपर्यंत. हलवून पाहिला."

त्या उताराचं मी सांगितलं नाही.

निघताना अंगणात ट्रॅव्हलर उभी दिसली. अंगण सारवलेलं, ताटासारखं सपाट. तरी मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले होते. एक जरा सैल वाटला. मी वाकले आणि तो आत सरकवला.