भाजलेले तळवे आणि तुपातला शिरा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिला राग स्वतःचाच येतो.

एप्रिल महिना होता. मी पुण्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. बोलणाऱ्या बाई नाव सांगायला तयार नव्हत्या.

"आमच्या शेजारची सून सासूला चटके देते. पायांचे दोन्ही तळवे भाजलेत. तीन आठवडे झाले तरी भरत नाहीत. रोज नव्याने भाजल्याशिवाय असं होतं का?"

मलाही पटलं. अपघातात हात भाजतो, मांडी भाजते. दोन्ही तळवे कोणी धरून भाजवल्याशिवाय भाजत नाहीत, हे आमचं ठाण्यातलं शहाणपण. स्टेशन डायरीला नोंद केली आणि महिला हवालदारांना घेऊन त्या घरी गेलो.

सासूबाई निवृत्त शिक्षिका, पासष्टीच्या. पलंगावर बसलेल्या, दोन्ही पायांना पट्ट्या. मुलगा नोकरीसाठी परराज्यात, घरात या दोघीच.

"कशानं भाजलं?"

"कळलंच नाही. संध्याकाळी पाहिलं तर फोड."

"कोणी काही केलं असेल तर सांगा, घाबरू नका."

"अहो, मला कोणी भाजलं असतं तर मी तुमची वाट पाहत बसले असते का?"

'कळलंच नाही' म्हणणारी बाई दबावाखाली असते, असं आम्ही धरून चालतो. सुनेला ठाण्यात आणलं. हवालदारांसमोर दोन तास तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. पट्टी कोण बदलतं? मी. मलम कुणी दिलं? कोपऱ्यावरच्या दवाखान्यानं. मग जखम भरत का नाही?

"तेच मला कळत नाही, साहेब. ताकद यावी म्हणून रोज तुपातला शिरा करून घालते. दुपारी चिकूचं मिल्कशेक देते."

"चटके देणारे असंच गोड बोलतात," मी म्हणालो. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. अटकेची तयारी माझ्या मनात झाली होती. फक्त वैद्यकीय अहवाल यायचा होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी ठाण्याचं पत्र देऊन सासूबाईंना सरकारी रुग्णालयात नेलं. सूनही आली. तिथल्या डॉक्टर बाईंनी पट्ट्या सोडल्या, जखमा पाहिल्या आणि एक बोथट सुई मागवली.

"डोळे मिटा, आजी. टोचलं की सांगा."

डॉक्टर तळव्यांवर वाकल्या.

"टोचा की मग," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचं तोवर चार ठिकाणी टोचून झालं होतं.

लगेच बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. आकडा पाहून डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "वर्षानुवर्षं साखर वाढलेली असेल, तर पायाच्या नसा बधिर होतात. भाजलेलं कळत नाही. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, जखमेला रक्त पोचत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. मग साधं भाजणंही चिघळत राहतं. रोज चटके द्यायची गरज नाही, साहेब." मग सासूबाईंना विचारलं, "अनवाणी कुठे चालला होतात?"

तेव्हा उलगडा झाला. मुलाची बदली पुण्यात व्हावी म्हणून त्या अकरा शनिवारांचा नवस बोलल्या होत्या. दर शनिवारी देवळाला एकवीस प्रदक्षिणा, अनवाणी. सकाळी गर्दी असते म्हणून बाई शहाणपणानं भर दुपारी बाराला जात. तापलेल्या फरशीवर.

मी सुनेला बाजूला घेऊन म्हणालो, "तुमच्याविरुद्ध काही नाही. घरी जा."

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "शिऱ्याचं सांगा. तीन आठवडे मी स्वतःच्या हातानं घातला."

मी तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

साखर ताब्यात आणायला इन्शुलिन सुरू झालं. जखमा रोज स्वच्छ होऊ लागल्या. डाव्या पायाचं एक बोट गेलं, पाय वाचला.

तीन आठवडे जखम उघडी होती. मलम देणाऱ्यानं विचारलं नाही, शेजारणीनं विचारलं नाही, मी विचारलं नाही, की साखर किती आहे? आम्हाला गुन्हेगार हवा होता, आणि आपल्याकडे तो स्वयंपाकघरात तयारच उभा असतो. सून! ही चूक एकट्या माझी म्हणून सोडून देऊ नका. आजाऱ्याला गोड खाऊ घालणं म्हणजे प्रेम, आणि सुनेवर संशय म्हणजे अक्कल, हे आपण सगळे मिळून जपतो. पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता मंडईत उभा राहून साखर तपासा, पाय जपा, असं सांगणारी पत्रकं वाटतो. लोक घेतात, काही त्यात भजी बांधतात. चालायचंच.

गेल्या वर्षी त्या घरी गेलो होतो. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, आणि सून जमिनीवर बसून त्यांच्या तळव्यांखाली आरसा धरून पाहत होती. न कळता कुठे जखम झाली नाही ना, हे पाहायचं रोजचं काम.

"साहेब, तुमची साखर किती?" सासूबाईंनी विचारलं.

"कधी पाहिली नाही."

"पत्रकं मात्र वाटता." त्यांनी सुनेच्या हातातला आरसा घेऊन माझ्यापुढे धरला. "बूट काढा."

मी काढले.