भाकड आणि वांझ

मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाच्या घरात लग्न होऊन रुपालीला सहा वर्षं झाली, पण मूल नव्हतं. सासू केराबाई म्हणायची, "कूस उजवली न्हाय अजून." शेजारणी म्हणायच्या, "वेलाला फूल लागंना." रुपाली दात आवळून ऐकून घ्यायची. डॉक्टरांनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आता नवऱ्याला आणा म्हणाले, तर बिरुदेव मेंढरं घेऊन रानात निघून गेला.

मग धाकट्या जावेच्या बाळाचं बारसं आलं. रुपालीनं बाळाला उचललं, तेवढ्यात नवऱ्याचा मामा शहाजी पंगतीतून मोठ्यानं बोलला, "केरा, हे भाकड जनावर कवर दावणीला ठिवनार?"

काही जण हसले. रुपालीनं बाळ जावेकडं दिलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"आगं, मामा वांझ कुटं म्हणलं?" बिरुदेव समजुतीनं म्हणाला. "भाकड म्हणलं. भाकड म्हशीला परत दूध येतं की. लई फरक हाय दोनीत."

तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"व्हय? मग तुमाला काय म्हणू, खोंड का खच्ची केलेला बैल? सांगा की! त्यातबी लई फरक हाय!"

बिरुदेवचं तोंड काळंठिक्कर पडलं. "सुनंची जीभ आवर," असं केराबाईला म्हणत शहाजी ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी रुपाली एसटीनं सोलापूरला आपल्या गोजाबाईआत्याकडं गेली आणि युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला लागली. मशीन चालवतानाही ते हसणं कानात वाजायचं आणि सुई तुटायची.

दिवाळीनंतर बिरुदेव न्यायला आला. "आदी तपासणी," एवढंच ती म्हणाली. दोन दिवस तो आत्याच्या ओट्यावर बसून राहिला, मग मुकाट्यानं दवाखान्यात गेला. दोष त्याच्यात निघाला. औषधानं फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "घरी सांगू नगं. म्हण, देवाच्या मनात न्हाय अजून."

"माझ्या टायमाला देव कुटं गेल्ता?" ती रस्त्यातच ओरडली. तिथल्या तिथं तिनं सासूला फोन लावला. "आत्याबाई, दोष तुमच्या लेकात हाय. कूस न्हाय, वेल न्हाय. तुमच्या लेकात. मामास्नी बी असंच सांगा."

रुपालीनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं न बघता कारखान्याची वाट धरली.