एकसष्ट पट्ट्या

माझा पहिला कीबोर्ड मी दिव्यांना भुलून घेतला. शंभर ताल, शंभर आवाज आणि पट्टी दाबली की तिच्यावर लागणारा लाल दिवा. वडगाव रासाईच्या आमच्या शाळेत तोवर परिपाठाची गाणी टाळ्यांवरच व्हायची. मी तो घेऊन गेले त्या दिवशी पाचवी-सहावीच्या मुलांनी टेबलाला गराडा घातला. "मॅडम, ह्याच्यात कुत्र्याचा आवाज हाय का?" होता. मग मांजराचाही निघाला. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

वाजवायला मी शिकले ते केडगावला, माहेरी, वडिलांच्या भजनाच्या पेटीवर. वडील सगळं पांढरी एकमधून, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, वाजवायचे. त्यांना तेवढंच येत होतं, म्हणून मलाही तेवढंच आलं. आमच्या मुलांचा गळा मात्र काळी चारमध्ये बसायचा, म्हणजे माझ्या बोटांच्या सवयीपेक्षा बराच खाली. पण कीबोर्डवर त्याला एक बटण होतं, ट्रान्सपोजचं. ते दाबत न्यायचं, मग बोटं पांढरी एकवरच ठेवायची आणि सूर काळी चारचा ऐकू यायचा. मला वाटलं, प्रश्न मिटला.

त्या वर्षी तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेला मी बारा मुलं घेऊन शिरूरला गेले. गाणं मीच लिहिलं होतं, भीमेच्या काठावरच्या उसाचं. चाल सोपी होती, पण अंतरा वर चढायचा. मुलांनी महिनाभर तालीम केली होती. मी तर निर्धास्त होते. बटण दाबून, सूर लावून, कीबोर्ड मांडीवर घेऊन मी आमचा नंबर यायची वाट बघत बसले. आमच्या आधी बऱ्याच शाळा होत्या. नाव पुकारलं तेव्हा स्टेजवर गेले आणि पाहिलं तर कीबोर्ड बंद. बराच वेळ हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो, हे मला माहीत नव्हतं. पटकन चालू केला, सुरुवातीची ओळ वाजवली, मुलांनी सूर उचलला.

पहिल्या ओळीतच काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. बंद होताना त्यानं ट्रान्सपोजही पुसून टाकलं होतं. मुलं काळी चारऐवजी पांढरी एकमधून गात होती. धृपद कसंबसं निघालं. अंतरा आला तशी पुढच्या रांगेतल्या मुलीच्या मानेची शीर फुगली, दोघांचे आवाज फाटले आणि तिसरा नुसता तोंड हलवायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. बटण शोधायला वेळ नव्हता, आणि त्याच्याशिवाय खाली उतरणं माझ्या बोटांना येत नव्हतं.

मी पट्ट्यांवरून हात उचलले. उभी राहिले, टाळी धरली आणि धृपद काळी चारमधून मोठ्यानं म्हणायला लागले. मुलं क्षणभर गडबडली, मग एकेक करत माझ्या सुरात आली. पुढचं सगळं गाणं आम्ही कीबोर्डविना म्हटलं आणि पूर्ण म्हटलं.

नंबर आला नाही. निकालानंतर परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. धोतर, पांढरी टोपी, हातात चहाचा कप. म्हणाले, "बाई, पोरं गोड गात्यात. पण त्या यंत्राचं आन् तुमचं काय ते एकदा मिटवा." मी हसले. त्यांना राग आला नव्हता आणि मलाही नाही. फक्त काय करायचं ते मला तिथंच कळलं.

केडगावला आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. पंचाहत्तरीच्या आसपास, सडपातळ, बोलणं मोजकं. आयुष्यभर त्यांनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. त्या रविवारी दुपारी मी कीबोर्ड घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, मला नवीन घ्यायचाय. कुठला घेऊ?"

"आधी ह्यावर वाजव," त्या म्हणाल्या.

मी वाजवलं. दोन ओळी ऐकून त्यांनी कपाटातून चिकटपट्टी काढली आणि माझ्या ट्रान्सपोजच्या बटणावर आडवी चिकटवून टाकली. "आता काळी चारवरून वाजव."

मला येईना. अंगठा काळ्या पट्टीवर जायचा, मग पुढची बोटं चुकायची. लहान मुलासारखं एकेक स्वर शोधत मी आरोह पूर्ण केला. मावशींनी मधे एकही स्वर सांगितला नाही. शेवटी म्हणाल्या, "आधी हात बदल, मग पेटी बदल."

पुढचे चार महिने मी दर रविवारी केडगावला जात होते. सासरहून, न्हावऱ्याहून, कधी स्कूटीनं, कधी एसटीनं. रोज सकाळी धारा काढून झाल्या की घरात अर्धा तास वाजवायचे. सासूबाई बाहेरून विचारायच्या, "आजबी तेच व्हय?" तेच. काळी चार, मग काळी पाच, मग पांढरी पाच. तिसऱ्या महिन्यात एक दिवस परिपाठाला मी बटणाकडे न बघता काळी चारमधून प्रार्थना वाजवली आणि संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मी विचारच केला नव्हता.

मग मात्र अडायला लागलं ते त्या बारक्या पट्ट्यांमुळे. दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे बोट रुतायचं. आणि हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. मावशींनी एकदा माझं वाजवणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "आता लहान पडतोय हा तुला. चल दौंडला."

आम्ही दोघी केडगावहून रेल्वेनं दौंडला गेलो. बाजारात वाद्यांचं एक दुकान आहे, पुढं ढोलक्या टांगलेल्या, आत कीबोर्ड मांडलेले. दुकानदार उत्साही होता. आम्ही आत शिरताच त्यानं सगळ्यात मोठ्या कीबोर्डचं एक बटण दाबलं आणि तो आपलाआपण वाजायला लागला. व्हायोलिन, ड्रम, सगळंच.

"सातशे आवाज हायेत, ताई. घरातल्या मुलांसाठी बघताय ना?"

"मुलं सव्वाशे आहेत," मी म्हणाले. "वाजवणार मी आहे. ते बंद करा."

मावशी स्टुलावर बसून नुसतं बघत राहिल्या. मी एकेक कीबोर्ड पुढं ओढला. नुसत्या पियानोच्या आवाजावर एकच पट्टी तीनदा दाबली, आधी अलगद, मग नेहमीसारखी, मग जोरात. दोन कीबोर्ड त्यातच बाद झाले. मग आवाज पार कमी करून पट्ट्यांचा खडखडाट ऐकला. दहाही बोटं एकदम ठेवून एखादा स्वर गळतो का ते पाहिलं. सेल घालून चालवून बघितला, कारण शाळेत वीज कधी जाईल सांगता येत नाही. मग मी दुकानदाराला विचारलं, "आपोआप बंद होतो, ते थांबवता येतं का?"

"असं कुणी विचारलं न्हाई आजवर," म्हणत त्यानं पुस्तिका काढली, पानं उलटली. थांबवता येत होतं. त्यानं मला करून दाखवलं, मग मी त्याच्यासमोर दोनदा करून पाहिलं.

तो शहात्तर पट्ट्यांच्या कीबोर्डकडे बोट दाखवायला लागला, "घेताच आहात तर मोठा घ्या." मी एकसष्ट पट्ट्यांचा उचलून पाहिला. पट्ट्या पेटीएवढ्या रुंद, वजन पाठीवर पेलेल एवढं. मोठा स्कूटीवर बसणार नव्हता. "हाच," मी म्हणाले, "आणि खांद्याला दोन पट्टे असलेली बॅग." बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "मला उगाच आणलंस." हे त्यांनी इतक्या समाधानानं म्हटलं, की मी त्यांना स्टेशनवर दोन वडे खाऊ घातले.

सोमवारी शाळेत मी तेच उसाचं गाणं काढलं. एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. जुन्या कीबोर्डबरोबर मुलं नेहमी ओरडूनच गायची आणि मी त्यांना "हळू, हळू" म्हणून दमायचे. त्या दिवशी शेवटच्या कडव्यात, संध्याकाळी फड शांत होतो त्या ओळीला, माझी बोटं आपोआप हलकी पडली. कीबोर्ड हलका झाला. आणि एक शब्द न सांगता मुलांचा आवाजही खाली आला, इतका की बाहेरच्या लिंबावरच्या साळुंक्यांचे आवाज वर्गात ऐकू यायला लागले. मी तसंच वाजवत राहिले. मुलं एकमेकांकडे बघत होती, जणू हे नेमकं कोण करतंय ते त्यांना शोधायचं होतं.

तेवढ्यात हेडमास्तर दारात आले. हातात पेन, चष्मा कपाळावर.

"मॅडम, वर्ग सोडला का काय? आवाजच न्हाई."

"न्हाई सर," पहिल्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "गाणं चाललंय."