येडा नाला, गुणी नाला

समस्त वऱ्हाडाने सावरून बसावे: आमच्या नाल्यावरच्या पुलाला पाटी लागणार होती. अलीकडचं गाव नाल्याला ‘येडा’ म्हणतं, पलीकडचं ‘गुणी’. दुसरं नाव लिहिलं तर पाटी उखडू आणि पेंटरलाही पाहून घेऊ, असा दम दोन्हीकडून आला होता.

आमचा पेंटर मुळात कमी बोलतो. बोललाच तर एक डोळा मिटून, जणू समोरच्याचं माप घेतोय. त्यानं अलीकडच्या बाजूनं ‘येडा नाला’ रंगवलं, पलीकडच्या बाजूनं ‘गुणी नाला’.

पुलाचे इंजिनियर भडकले, “नाला एक आणि नावं दोन?”

ब्रशनंच आधी अलीकडं, मग पलीकडं दाखवत पेंटर बोलून गेला, “सायेब, तो यायच्या वावरातली माती खरडून त्यायच्या वावरात टाकते. एका नावानं कसं भागन?”