पॉवर काढा!

वाडीत इलेक्ट्रिशियनच्या क्लासवर शिकवायला लागल्यापासून मी घरात पाय टाकला की बायको विचारते, "आज काय उडलं? फ्यूज का तुम्ही?" डोकं तापट आहे माझं, लपवत नाही. पण किस्सेही त्याच डोक्यात साचत जातात. यंदाच्या बॅचने तर हद्द केली बापा!

पारशिवनीचा गजानन घ्या. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर पाण्याची टाकी काढली. "टाकी उंच तसा पाण्याचा दाब जास्त, ते व्होल्टेज. नळातून पाणी वाहतं, तो करंट. नळात कचरा अडकला, तो रोध, म्हणजे रेझिस्टन्स. समजलं?"

गजानन उठला. "सर, मंग प्लंबरले बोलवा नं!"

दुसऱ्या दिवशी गणित दिलं. व्होल्टेज दोनशे तीस, करंट अर्धा अँपिअर, रोध किती? व्होल्टेजला करंटने भागायचं, संपलं. गजाननचं उत्तर एकशे पंधरा!

"अर्ध्यानं भागलं, त अर्धंच होईन नं सर."

"अरे, दोन पोळ्या आहेत. माणशी अर्धी वाढली तर किती जण जेवतील?"

"कोणीच नाही जेवणार सर. अर्ध्या पोळीत कोण जेवते?"

मी खडू ठेवून चहाला गेलो.

त्याच बॅचमधल्या दुर्गाताईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दिराच्या कूलर-दुरुस्तीच्या दुकानात जळालेल्या मोटरींत नवी तार त्या भरायच्या आणि पाटीवर नाव दिराचं. "वायरमनचं लायसन आना, मंग टाका आपलं दुकान," असं म्हणून तो खो खो हसायचा. बाईंचा हात पक्का. पण तोंडी परीक्षेत साहेब दिसला की वाचा बसायची. गेल्या वेळी तिथेच नापास झाल्या. ही शेवटची संधी होती.

त्यांना एकदा विचारलं, "दोनशे तीस व्होल्टवर इस्त्री चार अँपिअर घेते. पॉवर किती?" घाबरून व्होल्टेजला करंटने गुणायच्या ऐवजी भागलं. उत्तर साडेसत्तावन्न वॅट!

"अहो ताई, एवढ्यात बल्ब लागेल. इस्त्री कशी होईल?"

"तरीच माह्या दिराच्या शर्टाले चुण्या राहते!"

मग भीती मोडायला गजाननला साहेब केलं. पठ्ठ्या टेबलावर पाय टाकून बसला.

"पाय खाली घे पहिले!" दुर्गाताई कडाडल्या.

"शाब्बास! साहेबांसमोर असंच बोला," मी म्हटलं.

"साहेबाले पाय खाली घ्या म्हणू?"

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे साहेब आले. टेबलावर चालू हिटर, शेजारी व्होल्टमीटर आणि ॲमीटर. मी दारात उभा. बाई नापास झाल्या असत्या तर मलाच रडू आलं असतं.

साहेब म्हणाले, "हं बाई, पॉवर काढा."

आता, दिराच्या दुकानात मोटर उघडायच्या आधी दिवसभर हीच ओरड असते, "पॉवर काढा!" दुर्गाताईंनी सवयीने सॉकेटमधली पिन उपटली. हिटर बंद!

मी कपाळावर हात मारला.

"अहो, काय केलंत हे? पॉवर किती ते विचारलं मी!" साहेब ओरडले.

दुर्गाताईंनी मीटरकडे पाहिलं. दोन्ही काटे शून्यावर होते.

"शून्य गुणिले शून्य. शून्य वॅट, साहेब."

साहेबांनी मीटर पाहिले, बाईंकडे पाहिलं आणि हसू दाबत पेन उघडलं. "बरोबर आहे. लावा आता ती पिन."

"लावते नं साहेब. पहिले तुम्ही पास लिहा!"